थोरल्याचं नाव

आखग्लास, वरचं घर
४ एप्रिल १८८९

मर्डोकाका,

बरे आहात ना, असं विचारत नाही. बरे असालच.

जमीनदाराचा कारभारी म्हणाला, जे काय म्हणायचं असेल ते लिहून द्या. तुमच्याकडं बोलायला आले तर तुम्ही कुत्रं सोडलंत. पोर कडेवर होतं माझ्या. म्हणून लिहितेय. शाळेत मी चारच वर्षं गेले, तेव्हा चुका काढत बसू नका. गिरणीच्या दारात मोठ्यानं वाचून माणसं हसवणार असाल तर तेही करा. पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही कारभाऱ्याला सांगितलंत की माझे सासरे फार्कर तुमचे भाऊच नव्हते. आत्याचं पोर होतं म्हणे, तुमच्या आईबापानं दया म्हणून वाढवलेलं. म्हणून म्हाताऱ्यामागं ही जमीन तुमची, आणि आम्ही कोण? वाटेवरची माणसं. मे महिन्याच्या मुदतीला घर सोडा.

काका, सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या शवपेटीची दोरी तुम्ही धरली होतीत. तेव्हा मी लहान होते, पण बघितलंय मी. आत्याच्या पोरासाठी कुणी एवढं रडतं का? ह्यांचा आजा, तुमचा म्हातारा बाप लाखलन, फेब्रुवारीत गेला, थडग्यावर अजून गवत उगवलं नाही, आणि तुम्हाला भाऊ नकोसा झाला.

नवा कायदा नव्हता तोवर ही जमीन तुम्हाला नको होती. तुम्हीच म्हणायचात, "वर काय आहे? दगड आणि दलदल. मी खाली चक्कीवर सुखी आहे." गेलात गिरणीवाल्याच्या घरी घरजावई होऊन. आता कायद्यानं कुळाला उठवता येत नाही आणि जमीन वारसाला जाते म्हणल्यावर दगड गोड लागायला लागले. आणि तुमच्या चक्कीचं पाणी आमच्या वरच्या शेतातनं जातं, ते मला कळत नाही असं समजू नका. म्हातारा तुमच्यावर रागावला की पाटाची फळी खाली टाकून पाणी तोडायचा. आता फळी तुम्हाला तुमच्या हातात पाहिजे.

रेचलकाकूंच्या हाती तुम्ही निरोप धाडलात. पोराला गिरणीवर द्यायचं, त्याचं नाव मर्डो ठेवायचं, आणि मी इन्व्हर्नेसला कुणाच्या तरी घरी भांडी घासायला जायचं. "पोराचं कल्याण होईल," म्हणे. पोराला आई आहे, काका. कल्याण तिच्याकडनं होईल.

काकू म्हणत होत्या, चक्की चार-पाच दिवसांपासनं बंद आहे, पाटाला पाणी नाही. असेल. मला काय ठाऊक.

एफी


आखग्लास
१९ एप्रिल

मर्डोकाका,

पाद्रीबाबाकडं जाऊन आले. सात मैल जाताना, सात येताना, पोर शालीत बांधून. परत येताना पाऊस. तुमच्या गिरणीवरनं आले, तुम्ही दारात उभे होतात. "थांब, पाऊस ओसरू दे" एवढं तरी बोलायचंत. नाही बोललात. मीही थांबले नसते.

पाद्रीबाबानं जुनं पुस्तक काढलं. मला ते अक्षर लागत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचलं. लाखलनचा मुलगा फार्कर, वय चार महिने, सन १८३१ च्या फेब्रुवारीत पुरला. त्यानंतर १८३३ ला मर्डो. मधे कुणी नाही.

मी तिथंच बाकावर बसले. पाद्री म्हणाला, "पोरी, पुस्तक खोटं बोलत नाही."

मी म्हणलं, "पुस्तक गप्प पण बसतं की, बाबा."

तर म्हणाला, "तुझ्या तोंडाला आवर घाल. बाप्तिस्म्याचं काय ठरलं? पोर पाच महिन्यांचं झालं."

काय ठरणार? हे पोर झालं तेव्हा खिंडीत बर्फ होता. तीन आठवड्यांत ह्यांच्या छातीत कफ भरला आणि हे गेले. आता पोराला हातात धरून उभं राहायला बाप नाही. बापाच्या रक्ताचा पुरुष पाहिजे म्हणतात. आणि तुम्ही तर रक्तच नाही म्हणता! तरी पाद्रीला तुम्ही सांगून ठेवलंय की नाव मर्डो असेल तर उभा राहीन. दोन्हीकडनं खाताय. रक्त नाही तर उभे कशाला राहता? आणि रक्त आहे तर घर कशाला काढून घेता?

पोराला नाव नाही म्हणून मी रोज भिते. हाक मारायची चोरी. नुसतं "बाळ, बाळ" म्हणते. पाळण्यावर चुलीतला लोखंडी चिमटा आडवा ठेवलाय. पाणी आणायला झऱ्यावर जाते तर पळत जाते, पळत येते. गॉर्मल म्हातारी म्हणते, बिननावाचं पोर टेकडीतल्या, पोरं उचलून नेणाऱ्या अदृश्य लोकांना उघड्या दारासारखं दिसतं. तुम्ही हसाल. पण तुमच्या आईनंही तुमच्या पाळण्यावर चिमटा ठेवलाच असेल.

गॉर्मललाच मी विचारलं. ती तुमच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. म्हणाली, "एक फार्कर मेला, दुसरा झाला. मी त्याची लंगोटी धुतली आहे. त्या साली फिरता पाद्री आला होता, त्यानं डोंगरातच दगडावर बसून सात पोरांचा बाप्तिस्मा केला. पुस्तकात कोण लिहिणार?" कारभाऱ्यापुढं सांगशील का म्हणलं, तर म्हणाली, "सांगेन. पण एका म्हातारीचं कोण ऐकतंय? सगळे म्हणतील हिला काल काय जेवली ते आठवत नाही." आणि खरंच तिला आठवत नाही.

एफी


आखग्लास
३ मे

काका,

तुमचं उत्तर मिळालं. पिठाच्या पिशवीच्या कागदावर कोळशानं लिहिलेलं. "तू शब्द दिला होतास."

होय. दिला होता.

आता तेही लिहून टाकते. पोटात राहिलं की कुजतं. जानेवारीत घरात मूठभर पीठ नव्हतं. म्हातारा अंथरुणात, हे गेलेले, माझं दूध आटत चाललेलं. तेव्हा काकू ओटच्या पिठाची दोन पोती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं एवढंच म्हणणं आहे, पोराला त्यांचं नाव दे." मी म्हणलं, देईन. त्या वेळी तुम्ही सैतानाचं नाव ठेव म्हणला असतात तरी मी हो म्हणले असते. मला वाटलं, निपुत्रिक माणूस आहे, आपल्यामागं नाव राहावं वाटतं, त्यात काय एवढं. नावाच्या मागनं घर येईल आणि घराच्या मागनं पोर, हे मला कळलं नाही.

पीठ खाल्लं. त्याचं दूध झालं, दुधाचं पोर झालं. परत मागू नका, परत द्यायला काही राहिलेलं नाही.

आणि फळी मीच टाकली. मार्च संपताना टाकली, ती अजून खालीच आहे. पाट सगळा ओढ्याला वळलाय. तुमचा माणूस दोनदा येऊन उचलून गेला, मी दोनदा परत टाकली, आता वर दगड ठेवलेत. मला दळणाची अडचण नाही. म्हाताऱ्याचं जातं आहे. तुमच्या सासऱ्यानं सगळ्या कुळांची जाती फोडून तळ्यात फेकली होती ना, चक्कीवरच दळायला यावं म्हणून? हे एक राहिलं होतं, गोठ्यात शेणाखाली. हात सोलतात, पण दळतं.

मला वाटलं होतं काकू रागावतील. परवा पोराला खोकला झाला. छातीतनं तसाच आवाज यायला लागला, ह्यांच्यासारखा. गॉर्मलनं तुमच्याकडं सांगावा धाडला, काकू तशाच चुलीवरचं टाकून आल्या. कांद्याचा रस, लोकरीचं फडकं, दिवसभर मांडीवर घेऊन बसल्या. तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल. आता मी सांगतेय. त्यांना बोलाल तर माझ्याशी गाठ आहे.

पोर निवांत झाल्यावर काकू आपणहून बोलायला लागल्या. म्हणाल्या, "माझे चार गेले, एफी. एकानंही डोळा उघडला नाही. त्यांना नावं नव्हती, पण मनात मी ठेवली होती. पहिल्याला लाखलन."

मी म्हणलं, "तुमच्या मनात दुसरं काही नव्हतं ठेवायचं?"

तर माझ्याकडं असं बघितलं जसं मी आजच टेकडीवरनं उतरले. म्हणाल्या, "अगं, पहिला मुलगा बापाच्या बापाचा. दुसरा आईच्या बापाचा. त्यात मन कुठं येतं? आणि पहिला लाखलन गेला म्हणून पुढचा लाखलनच. चारही लाखलनच होते माझे. आजोबाचं नाव कुणी मातीत टाकून पुढं जातं का?"

काका, हे मला लहानपणापासनं ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्या बोलल्या तेव्हा माझ्या हातातला चमचा खाली पडला.

का पडला ते तुम्हाला सांगणार नाही. सोळा तारखेला नव्या कायद्याचे जमिनीचे साहेब वाद ऐकायला शाळेत बसणार आहेत. तिथं सांगेन.

एफी


आखग्लास
१७ मे, शुक्रवार

काका,

काल तुम्ही तिथंच होतात, मग लिहितेय कशाला? कारण घरी गेल्यावर तुम्ही काकूंना वेगळंच सांगितलं असणार. त्यांना हे वाचून दाखवा. नाही दाखवलंत तर मी येऊन दाखवीन.

शाळेत बसायला जागा नव्हती. पोरांच्या बाकांवर सगळे गुडघे कानाला लावून बसले होते. तीन साहेब, एक कारकून. तुम्ही चर्चचा काळा कोट घालून आला होतात. कारभाऱ्यानं पाद्रीचा कागद वाचला. फार्कर मेला, १८३१. मग तुम्ही बायबलवर हात ठेवून म्हणालात की मागाहून घरात वाढला तो आत्याचा मुलगा.

गॉर्मल उठली आणि सांगितलं तिनं. साहेबानं विचारलं, "बाई, आज वार कोणता?" ती म्हणाली, "मंगळवार." सगळे हसले. काल गुरुवार होता. कारभारी सगळ्यात जोरात हसला. माझं पोर दचकून रडायला लागलं.

मग साहेब मला म्हणाला, "तुमच्याजवळ काही कागद आहे का?"

मी म्हणलं, "कागद नाही. मला ह्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत."

तो म्हणाला, विचारा. मी आधी पोराची शाल सारखी करत राहिले. मागनं टोर्मोड लोहार ओरडला, "बोल की पोरी, तो काय खातोय का तुला? दात कुठंत त्याला!"

मी विचारलं, "मर्डोकाका, तुमच्या बापाच्या बापाचं नाव काय?"

तुम्ही म्हणालात, "फार्कर. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तुमच्या आईच्या बापाचं?"

तेव्हा तुम्हाला कळलं. मी बघत होते. तुमच्या हातात टोपी होती ती फिरायची थांबली. मागच्या बाकावर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. साहेबांना मात्र काहीच कळेना. एक साहेब म्हणाला, "उत्तर द्या."

"मर्डो," तुम्ही म्हणालात.

मी म्हणलं, "साहेब, पहिला फार्कर मेला, हे खरं. त्यानंतर दुसरा फार्कर झाला नसता, तर मर्डोकाका हेच त्या घरातला पहिला जिवंत मुलगा ठरले असते. मग ह्यांचं नाव फार्कर असतं. आजोबाचं नाव मेलेल्या पोराकडनं घेऊन ह्यांना दिलं असतं. पण ह्यांना आईच्या बापाचं नाव मिळालं. म्हणजे हे आले तेव्हा बापाच्या बापाचं नाव पाळण्यात होतं. जिवंत होतं. तेच माझे सासरे."

साहेब म्हणाला, "आत्याच्या मुलाचं नाव फार्कर होतं, म्हणून कदाचित पुन्हा ठेवलं नसेल."

यावर शाळेत जो दंगा झाला! टोर्मोड म्हणाला, "साहेब, या खोऱ्यात पाच फार्कर आहेत. एकाला हाक मारली की पाच कुत्री भुंकतात. दुसऱ्याच्या पोराला आजोबाचं नाव आहे म्हणून कुणी आपल्या पोराचं सोडत नाही."

"हा नियम कुठं लिहिलेला आहे का?" साहेबानं विचारलं.

तेव्हा गॉर्मल बसल्या जागेवरनं म्हणाली, "घास घेताना तोंड कुठं आहे ते लिहून ठेवता का तुम्ही?"

मोठा साहेब हसला नाही. त्यानं लोहाराला उठवलं, तुझं नाव कुणाचं? बापाच्या बापाचं. कारभाऱ्याच्या कारकुनाला उठवलं. बापाच्या बापाचं. शिक्षकाला उठवलं. आईच्या बापाचं, पण मी दुसरा, थोरला भाऊ ग्लासगोला आहे. पाद्रीबाबाला विचारलं. तो खूप वेळ खाकरला आणि म्हणाला, मीही दुसराच.

मग साहेब तुमच्याकडं वळला. "शपथ घेतली आहे तुम्ही. फार्कर तुमचा थोरला भाऊ होता की नव्हता?"

काका, त्या वेळी मला तुमचा राग आला नाही, हे मी कबूल करते. तेवढाच वेळ. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "माझी चक्की महिना-दीड महिना बंद आहे." लोक हसले. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मग कुणी हसलं नाही.

"होता," तुम्ही म्हणालात. "पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा."

झालं. कारकुनानं लेखणी बुडवली आणि मला म्हणाला, "कूळ म्हणून मुलाचं नाव घालतो. काय नाव?"

मी म्हणलं, नाव नाही त्याला. कारकून म्हणाला, बाप्तिस्म्याशिवाय मी आपल्या मनानं लिहू शकत नाही. त्यानं ओळ कोरी सोडली. मंगळवारी ते पुढच्या खोऱ्यात जाणार आहेत. तोवर पाद्रीची चिठ्ठी आली तर नाव पडेल. नाही आली तर कोरी ओळ कारभाऱ्याच्या हातात राहील, आणि कारभाऱ्याला कोरी ओळ आवडते.

म्हणजे आता पुन्हा सगळं तुमच्यावर आलं. बापाच्या रक्ताचे पुरुष आता तुम्हीच, सगळ्या गावापुढं कबूल केलेले. रविवारी तुम्ही आला नाहीत तर पाद्री पाणी घालणार नाही. तुम्ही घरात बसून राहिलात की तुम्ही जिंकलात. तुम्ही हा विचार केलाच असेल, म्हणून आधीच सांगते.

रविवारी चर्चमधे या. काळा कोट घाला. पोर हातात घ्या, दोन्ही हातांनी, डोक्याखाली हात द्या, तो एकदम मागं झोकून देतो. पाद्रीनं नाव विचारलं की फार्कर म्हणा. मोठ्यानं. मागच्या बाकावर गॉर्मलला ऐकू गेलं पाहिजे, आणि तिला कमी ऐकू येतं.

आलात तर फळी उचलीन. नाही आलात तर ज्या दिवशी मला या घरातनं काढतील त्या दिवशी तुमच्या पाटाचे काठ मी फावड्यानं फोडून जाईन, आणि मग तुम्ही जमिनीचे मालक व्हा आणि बसा कोरड्या चक्कीकडं बघत. मला भीती वाटते, काका. रोज वाटते. पण भ्यालेल्या बाईच्या हातात फावडं असतं तेव्हा तिच्यापासनं लांब राहावं.

एफी


आखग्लास
२० मे, सोमवार

काका,

पाद्रीची चिठ्ठी टोर्मोडबरोबर कारकुनाला पोचली. नाव पडलं.

पहिल्यांदा तुम्ही फार हळू बोललात. पाद्रीनं "काय?" विचारलं. मला वाटलं आता हा माणूस उलटतो, मर्डो म्हणतो, मी अर्धी उठले होते. पोरानं तुमच्या कोटाची गुंडी धरली होती. मग तुम्ही बोललात, आणि बाहेर घोडी बांधली होती ती बिथरली. गॉर्मल म्हणाली, "कोण ओरडतंय?" म्हणजे ऐकू गेलं.

पोर परत देताना त्याच्या मुठीतनं गुंडी सोडवायची तुम्ही घाई केली नाहीत. मी बघितलं नाही असं दाखवलं.

फळी काल घरी आल्या आल्या उचलली. दगड जड होते, एकटीनं काढले. पाणी पोचलं असेल. इथनं चक्कीचा आवाज ऐकू येतो, तेव्हा पोचलंच आहे. जातं मात्र मी फोडणार नाही आणि तळ्यातही टाकणार नाही. ते चुलीशेजारी ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

काकू चर्चबाहेर माझ्या कानात म्हणाल्या, "पुढं कधी तुझं दुसरं लग्न झालं, मुलगे झाले, तर एखाद्याचं मर्डो ठेवशील?" मी त्यांना काही बोलले नाही, त्यांचं मन मोडवत नाही. तुम्हाला सांगते. नाही ठेवणार. पीठ देऊन मागितलं होतंत तेव्हा मिळालं असतं. घर मागितलंत तिथं संपलं.

काकूंना बुधवारी पाठवा, फार्करला त्यांची सवय झालीय. तुम्ही येऊ नका. कधी यावंसं वाटलं तर आधी कुत्रं बांधा, मग बघू.

पाळण्यावरचा चिमटा काढला. आज तो चुलीत वापरला, जळणाची ढेकळं उलटायला.

फार्करची आई